हरवलं

मॅकीज फोर्डच्या गन क्लबात
शेवटचा शब्द माझा असतो.
एरवी मी मेंढ्यांच्या खुरांचा वैदू,
पण जूनच्या दुसऱ्या शनिवारी
माझ्या हातात दोरीला बांधलेली पेन्सिल असते
आणि साउथलँडचे धडधाकट बापये
माझ्या तोंडाकडे बघत उभे राहतात.

नदीपल्याडचा क्लब नऊला आला.
आधी कुत्री उतरली, मग माणसं, मग बंदुका,
मधोमध मोडून कोपरावर टाकलेल्या,
ओल्या टॉवेलासारख्या निरुपद्रवी.
दव गोठलेलं. बुटांखाली कुरकुर.
नायरीने पत्र्याच्या शेडमध्ये कांदा परतायला घेतला
आणि वाऱ्याने तो वास थेट
पाहुण्यांच्या नाकाशी नेऊन ठेवला.
पहिली पाच त्यामुळेच गेली, असं त्यांचं म्हणणं.

पुल!
खड्ड्यातलं यंत्र खाकरतं,
पालथ्या पणतीसारखी नारिंगी थाळी
डावीकडे, उजवीकडे, तिच्या मनाला येईल तिकडे सुटते.
आम्ही तिला पाखरू म्हणतो.
पहिल्या नळीत फुटलं तर तीन गुण,
दुसऱ्या नळीत दोन,
आणि न फुटता पलीकडे गेलं
तर मी ओरडतो : हरवलं!
चुकलं म्हणायचं नाही. हरवलं.
चक्काचूर झालं ते वहीत जमा,
शाबूत राहिलं ते गेलं.
तीस वर्षं ओरडतोय,
कधी काही वाटलं नव्हतं.

दुपारी दोघंच उरले.

आमचा मर्डोक गिलॅन्डर्स, वय ब्याऐंशी,
उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला
म्हणून बंदूक डाव्या खांद्यावर नेली,
या वयात नव्याने डावखुरा झालेला.
मध्ये एकदा नुसता खोकला
तर खड्ड्यातल्या कॅलमने यंत्रच सोडलं.
त्यानं तेही पाखरू फोडलं,
मग माफी मागितली.

आणि त्यांची मेरेआना पाराटा, वय सोळा,
मामाची बंदूक, दस्त्यावर लोकरी मोजा चढवलेला,
दर बारानंतर एक पाऊल मागे,
पुन्हा एक पाऊल पुढे,
जणू कुणी दारातून ढकलतंय आणि ही आत यायचीच.

बक्षीस म्हणजे फळीवर ठोकलेली
जुन्या ट्रॅक्टरची गंजकी बैठक.
जिंकणाऱ्यानं ती वर्षभर दिवाणखान्यात ठेवायची,
बायका म्हणतात, शिक्षाच आहे ती.

चोवीस झाली. दोघं बरोबरीत.
मेरेआनाचं पंचविसावं हवेतच विरलं,
काळा धूर, बाकी काही नाही.
मर्डोकचं सुटलं.
एक बार. दुसरा बार.
पाखरू दचकलं,
शपथेवर सांगतो, दचकलं,
आणि तसंच उडत कुंपणापार गेलं.

नियम असा की तुकडा दिसला पाहिजे.
तुकडा दिसला नाही.
सगळे माझ्याकडे वळले, कुत्रीसुद्धा.
याच माणसानं मला शिकवलं होतं
अडलेल्या मेंढीच्या पोटात हात कसा घालायचा,
कोकराचे पाय कसे शोधायचे
डोळे मिटून.

हरवलं, मी म्हणालो.
आवाज नेहमीपेक्षा लहान निघाला.
मर्डोकनं बंदूक मोडली,
रिकामी काडतुसं खिशात टाकली.
"बरोबर," म्हणाला. एवढंच.

संध्याकाळी कॅलम आणि मी
पोती घेऊन शाबूत पाखरं वेचायला गेलो.
तारेपाशी काटेरी झुडपात एक सापडलं,
कडा धड, घुमट धड,
आणि बरोबर मध्यात एक भोक,
मसुरीएवढं.
डोळ्याला लावलं तर त्यातून
नायरीच्या शेडमधला दिवा दिसला.

मर्डोकला नेऊन दिलं.
त्यानं उलटसुलट करून पाहिलं,
अंगठ्यानं भोक दाबलं, सोडलं.
"मांजराला दूध ठेवायला घेतलं असतं," म्हणाला,
"पण गळेल रे."
मग ते कोटाच्या आतल्या खिशात घातलं,
दम्याच्या पंपाशेजारी.

नदीपल्याडची व्हॅन पाण्यातून सावकाश गेली.
मागच्या काचेत मेरेआना,
मांडीवर लोखंडी बैठक, तोंडात सँडविच.
कुठलं तरी कुत्रं इथंच राहिलं होतं,
ते भुंकत थोडं पाण्यात गेलं, परत आलं.

मी वही मिटायला घेतली.
त्याच्या शेवटच्या चौकटीत मीच काढलेलं शून्य,
मसुरीहून जरासंच मोठं.
ते तसंच राहू दिलं.